आभाळातली जागा

दुकानातल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून रत्नपाल आतली धूळ काढत होता आणि मागं खुर्चीत बसून दुकानमालक अमृतराव त्याच्यावर तोंडसुख घेत होते.

“कनेरगाव नाक्यावर दुसरा कोनी असता तर तुला बलावलं नसतं,” ते म्हणाले. “तू आपला तारे हुडकीत बस. काहून रे, जमिनीवर भागंना म्हणून आता आभाळातबी जागा पायजे का तुमाला?”

फॉर्म भरायला आलेली माणसं हसली. ‘तुमाला’ म्हणजे कोणाला, हे रत्नपालला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

नाक्यावर ऑनलाइन कामांची दुकानं दोनच. रस्त्याच्या एका बाजूला अमृतरावांचं, समोर रत्नपालचं. अमृतरावांचा कॉम्प्युटर नवा, दांडगा, रत्नपालचा जुनाट. पण गिऱ्हाईक नसलं की तो जुनाट कॉम्प्युटर भलत्याच मोठ्या कामाला जुंपलेला असे. मरून घट्ट गोळा झालेले न्यूट्रॉन तारे गरगर फिरताना अवकाशात फार बारीक लहरी उठवत असावेत, असं शास्त्रज्ञ म्हणतात. त्या टिपायला त्यांनी यंत्रं बसवली; पण यंत्रांनी जमवलेल्या माहितीतून अशी लहर काढणं म्हणजे खळ्यावरच्या भुसात तीळ हुडकणं. म्हणून त्या ढिगाचे तुकडे करून ते जगभरच्या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरांना वाटून देत. ज्याच्या कॉम्प्युटरला पहिली लहर दिसेल, त्याचं नाव शोधाला लागणार होतं.

रत्नपालला तेवढंच हवं होतं. गावानं त्याच्या बापाचं नाव कधी धड घेतलं नव्हतं. आपलं नाव तरी अशा जागी लागावं, की अमृतरावांसारख्यांचा हात तिथवर पोचू नये. वर्षानुवर्षं तो वाट पाहत होता आणि सापडत काहीच नव्हतं.

अमृतराव चहाला उठले आणि रत्नपालच्या डोक्यात किडा वळवळला. लहरी शोधायचा तोच प्रोग्राम त्यानं त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवला. सभासद म्हणून नोंद केली अमृतरावांचीच, दुकानाच्या मेलवरून. उद्या बोभाटा झालाच तर म्हणता येईल, तुमीच कुठंतरी बोट लावलं असंल. वर प्रोग्रामला पूर्ण ताकद वापरायची मुभा दिली. आता कॉम्प्युटर तारे शोधत बसेल आणि फॉर्म बैलगाडीच्या चालीनं सरकतील.

झालंही तसंच. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला, पान उघडेना, गिऱ्हाईकं वैतागून रस्ता ओलांडू लागली. हिंगोलीहून आणलेल्या माणसालाही काही उमगलं नाही. अमृतरावांनी पुन्हा निरोप धाडला, पण रत्नपाल गेलाच नाही.

“काहून हसून राहिले?” त्याच्या बायकोनं, करुणानं विचारलं.

“त्याह्यचा नवा कॉम्प्युटर दमून राहिला.”

“दुसऱ्याचं वाईट करून आपलं बरं व्हतं का?”

“व्हऊन तर राहिलं,” तो म्हणाला. त्याच्या जिवाला खरंच गार वाटत होतं.

दिवाळी उलटल्यावर पुण्याहून एका शास्त्रज्ञ बाईंचा फोन आला.

“रत्नपाल सर का? कनेरगाव नाक्याचे, आमच्या शोधातले सभासद?”

“व्हय, मीच.”

“आनंदाची बातमी आहे. लहर सापडली! पडताळणीही झाली. आणि पहिल्यांदा दिसली ती कुठं, तर तुमच्या कनेरगाव नाक्याला!”

रत्नपालनं हातानंच करुणाला बोलावलं आणि तिलाही ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज वाढवला. त्याचे डोळे भरून आले. समोरच्या दुकानात अमृतराव कॉम्प्युटरला थपडा मारत होते. आज त्यांची कीवच आली.

“मॅडम,” तो कसाबसा म्हणाला, “नाव… नाव कसं लिहिनार?”

“त्यासाठीच तर फोन केला. मेल पाठवून थकलो, त्यांचं उत्तरच येत नाही. तुमच्या गावातले दुसरे सभासद तुम्हीच. हे अमृतराव कुठं भेटतील?”