शुक्रवारचं काम

सीब गावाच्या किनाऱ्यावरचं पडीक दीपगृह वस्तीतल्या लोकांनी मिळून उभं केलं. मच्छीमारांनी चुना लावला, हसनने वायरिंग केलं. त्याचा सुट्टीचा प्रत्येक शुक्रवार तिथेच जायचा. बायकोने, नूरबानूने, घरातलं काम सांगितलं, की म्हणायचा, "आधी लाइटहाउस होऊ दे."

अखेर दीपगृहाचा दिवा लागला. काम खलास. पुढच्या शुक्रवारी हसन घरात नुसता येरझाऱ्या घालत होता.

"झैनचे अब्बा," नूरबानूने हाक मारली, "दारातला दिवा लागत नाही. जरा बघता?"

हसन स्टुलावर चढला. बल्ब नुसता सैल केलेला होता. त्यावरची धूळ स्टूल धरलेल्या नूरबानूच्या बोटांना लागली होती.

"वायरिंगच गेलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "चार-पाच शुक्रवार तरी लागतील."