दोर दारावर ठेवून घेतलाय

"माझी हरकत आहे," सत्ताधारी बाकावरचे सदस्य उठून म्हणाले. "'नरसंहार' हा शब्द कामकाजातून काढून टाकावा. त्या भागात जे झालं, तो एक दुःखद घटनाक्रम होता."

दुभाष्याने मान कलती केली आणि शेजारी बसलेल्या म्हातारीच्या कानात, तिच्या डोंगराकडच्या बोलीत, तेच सांगितलं. "माझी हरकत आहे."

या धंद्यात 'ते असं म्हणतात' असं म्हणायचं नसतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'. जीभ भाड्याने दिलेली. भाडेकरू घरात काय करतो ते मालकाने बघू नये. इतक्या वर्षांत तो मंत्री झाला होता, वकील झाला होता, एकदा तर निवृत्त सेनापतीही. संध्याकाळी दार उघडताना बायको विचारायची, "आज कोण होतात?"

सदस्यांची ही हरकत त्याला नवी नव्हती. मागच्या निवडणुकीआधी याच दालनात हेच दोन पक्ष समोरासमोर बसले होते, फक्त बाकं उलटी होती. तेव्हा शब्द यांचा होता आणि हरकत त्यांची. आवाज तेवढेच चढले होते. खुर्च्यांची खोळ मात्र तेव्हा निळी होती.

म्हातारीचं सांगून झालं होतं सकाळीच, आणि ते काही फार लांबलचक नव्हतं. गावाबाहेरच्या विहिरीत तिचे दोन मुलगे आहेत. इतरांचेही आहेत. वरून सरकारने सिमेंटची लादी ओतली आहे. ती फोडून द्या, पोरांना वर काढायचंय. एवढंच. साहेब लोक इथूनच तिच्याबरोबर निघतील आणि त्यांच्याकडे दोर कुठला असायला, म्हणून ती घरून दोर घेऊन आली होती. फाटकावरच्या शिपायाने तो आत न्यायची परवानगी नाही म्हणून ठेवून घेतला आणि बदल्यात पितळी बिल्ला दिला. सकाळपासून तो तिच्या मुठीत होता.

अडचण एकच होती. 'नरसंहार' म्हटलं तर विहीर न्यायखात्याकडे जाते; 'घटनाक्रम' म्हटलं तर पाणीपुरवठ्याकडे. शब्द ठरेपर्यंत विहीर कोणाच्याच बापाची नाही.

"त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे की," म्हातारी म्हणाली. "लादी तेवढी काढा म्हणावं."

दुभाष्याने माईक ओढून ते दालनाला सांगितलं.

"साक्षीदाराने विषयाला धरून बोलावं," अध्यक्ष म्हणाले.

मग विरोधी बाकावरचे सदस्य उठले. कोट सारखा केला आणि पत्रकारांच्या सज्जाकडे तोंड करून गरजले, "काढूनच दाखवा तो शब्द! आम्ही प्राण गेला तरी मागे हटणार नाही! आणि आजी, मी स्वतः येईन तुमच्याबरोबर! त्या विहिरीवर पहिली कुदळ माझी पडेल!"

बाकं वाजली. दुभाष्याचा घसा एव्हाना खरवडून निघाला होता. तो हळूच, जवळजवळ पुटपुटत म्हणाला, "मी स्वतः येतो तुझ्याबरोबर, आजी. पहिली कुदळ मी मारतो."

आरडाओरडा भाषांतरात गळून पडतो. उरलं ते घरच्या माणसाने म्हणावं तसं उरलं. म्हातारीने सकाळपासून पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

शब्दाचा प्रश्न उपसमितीकडे सोपवून बैठकीचं सूप वाजलं. उपसमिती अजून नेमायची होती.

दुभाष्याने माईक बंद केला, तोंडात खडीसाखर टाकली, कागद आवरले. बाहेर व्हरांड्यात विरोधी सदस्य कॅमेऱ्यांसमोर तो शब्द पुन्हा एकदा उच्चारत होते. आधीच्या वेळी प्रकाश नीट पडला नव्हता म्हणे. म्हातारी दाराशीच उभी होती, काखोटीला पिशवी मारून.

"चल," ती म्हणाली.

"कुठे, आजी?"

"विसरलास इतक्यात? येतो म्हणालास ना?"

"मी नाही, आजी." दिवसभरात पहिल्यांदाच तो स्वतःबद्दल 'मी' म्हणाला होता, आणि तेही 'नाही' जोडून. "ते साहेब म्हणाले. मी नुसतं तुम्हाला सांगितलं."

"ते तर तिकडं वर बघून ओरडत होते. माझ्या कानात तूच म्हणालास."

त्याने साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब पायऱ्या उतरून गाडीत बसत होते. ड्रायव्हरने दार लावलं, गाडी हलली. म्हातारीने तिकडे पाहिलंही नाही.

तिने मूठ उघडली आणि बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला. दिवसभर दाबून धरल्याने तो गरम झाला होता.

"दोर दारावर ठेवून घेतलाय," ती म्हणाली. "तेवढा सोडवून आण. माझं त्यांना कळत नाही."