राखेखालचा मणी

जेवणाच्या सुट्टीत ताई आजही त्याचीच माती चाळत होती.

बाकी सगळे पत्र्याच्या शेडखाली डबे उघडून बसले होते. तो मात्र पाण्याच्या टाकीआड उभा राहून, हातातला पाव तसाच धरून, तिच्यावर नजर ठेवून होता. उत्खननावर येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. आखून दिलेल्या चौकोनातली माती खुरपीने हलकेच काढायची, घमेल्यातून नेऊन चाळायची, आणि काही न निघालेली माती ढिगावर टाकायची, एवढंच त्याचं काम. आणि सगळ्यांची पाठ वळली रे वळली, की ही बाई तोच ढीग पुन्हा चाळायला बसायची! दुसऱ्या कुणाच्या ढिगाला हातसुद्धा लावायची नाही.

एवढ्या परक्या लोकांत मराठी बोलणारी ती एकटीच, म्हणून तो तिला ताई म्हणू लागला होता. पहिल्या दिवशी "या पाहुणे!" म्हणत तिनेच त्याला खोली दाखवली होती, हातमोजे शोधून दिले होते. तेव्हा त्याला किती हायसं वाटलं होतं. आता मामाचे शब्द आठवत होते. विमानतळावर मामा म्हणाला होता, "तिकडे परक्यांची भीती नाही रे. आपल्या माणसांपासून जप."

त्याच्या हातून सुटलेलं काही मिळालं, की बाई ते स्वतःच्या नावावर खपवणार. नाहीतर उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांपुढे नेऊन त्याची शोभा करणार. 'याला जमत नाही' असं सर एकदा म्हणाले, की गुंडाळला गाशा आणि धरली घरची वाट.

म्हणून आज त्याने सापळा लावला होता. सकाळी त्याला एक मणी सापडला होता. मसुराच्या दाण्याएवढा, निळा, आरपार भोक असलेला. ओरडून सगळ्यांना बोलवावं, असा आनंद झाला होता त्याला. पण त्याने तो मुठीत दाबला आणि टाकाऊ मातीत टाकून दिला. बघू या, बाईचं सोंग किती दिवस टिकतंय!

ताईची चाळणी थांबली. तिने मणी उचलला, फुंकर मारली, इकडेतिकडे पाहिलं.

आता घालेल खिशात, तो मनाशी म्हणाला.

"सर!" ताईने जोरात हाक मारली.

सर तोंडातल्या घासासकट धावत आले. मागोमाग तोही गेला. ती दोघं इंग्रजीत बोलत होती, पण त्याला शब्दन् शब्द कळत होता.

"राखेच्या वरचा की खालचा?" सरांचे डोळे लकाकले होते. "खालचा असेल, तर घर जळायच्या आधीचा. त्या माणसांची एवढी एकच वस्तू मिळेल आपल्याला."

"नाही सांगता येणार. टाकलेल्या ढिगात मिळाला."

"म्हणजे याच्या हातून सुटला."

"माती ओली आहे, सर. ढेकळात अडकून गेला असेल. माझ्याही हातून सुटला असता."

सरांनी मणी परत तिच्या तळहातावर ठेवला. "जागा माहीत नसेल, तर नुसता मणी काय, बाजारातही मिळतो," असं म्हणून ते आपल्या डब्याकडे गेले.

त्याला सुटल्यासारखंही वाटेना. हिने मणी लांबवला असता तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

ताईने मणी छोट्या पिशवीत घातला आणि कोरी चिठ्ठी त्याच्यापुढे केली. "घ्या पाहुणे, लिहा. जागा, माहीत नाही. आणि असं तोंड पाडू नका. नव्या माणसाची माती पुन्हा चाळायची, ही इथली रीतच आहे. माझीही चाळली होती. माझ्या मातीत तर दोन खापरं निघाली, तीही सगळ्यांसमोर. रडले होते मी. म्हणून तुमची गुपचूप चाळते."

त्याने पेन उघडलं. ते कागदावर नुसतंच टेकून राहिलं. मग त्याने भराभर लिहिलं: भिंतीचा डावा कोपरा, राखेखाली चार बोटं.

ताईने वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुला कसं माहीत?"

"मीच टाकला ढिगात. तुम्ही काय करता ते बघायला."

"आणि हे लिहिलंयस, ते तरी खरं कशावरून?"

तिने चिठ्ठी पिशवीत सरकवली आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"जा. सरांना तूच सांग."

तो निघाला. तिने चाळणी झटकली, तिच्यातली उरलीसुरली माती खाली पडली.

"उद्या इथे राहिलास, तर तुझी माती मी चाळणारच आहे," ती मागून म्हणाली. "फक्त आता रीत म्हणून नाही."