भिंतीतली वाट

रविवारची जेवणं आटोपली की विमलताई आणि त्यांची लेक रेवती रत्नागिरीच्या घरात शेजारी शेजारी बसून ऑनलाइन गेम खेळत. नोकरीसाठी नाशिकला असलेला जावई हेरंब तिकडून त्यांच्या संघात असे. किल्ल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्यांनी तिघांना सलग तीन रविवार हरवलं होतं. आज मात्र विमलताईंनी बुरुजाजवळ सहज उडी मारली आणि त्या भिंतीतून आरपार थेट आत पोचल्या.

त्यांनी हळूच माइक बंद केला. "रेवती, गेममध्येच चूक राहिलीय. पटकन ये."

रेवती आत आली, पण कुरकुरत. "आई, तू तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्यास. मग ही कॉपी नाही का?"

"पेपर काढणाऱ्यानेच उत्तर छापलं, तर त्यात माझा काय दोष?"

तेवढ्यात हेडफोनमध्ये हेरंबचा आवाज आला. "तुम्ही दोघी निसटा, मी यांना अडवून धरतो."

बाहेर तो एकटाच मार खात होता. विमलताई ओशाळल्या. आल्या वाटेने परत फिरून त्या त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माइक सुरू करून त्यांनी सगळं कबूल केलं.

हेरंब हसायलाच लागला. "आई, ती जागा मला पहिल्याच रविवारी सापडली होती. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

विमलताई इतक्या हसल्या, की पहारेकऱ्यांनी त्यांना पुन्हा लोळवलं.

"परत सुरू करा, हेरंबराव," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आज दारातूनच जायचं."

चहाची वेळ टळून गेली, पण तिघं दारातून आत गेली.