उलटा प्रश्न

अंगठ्याला शाई लागली होती. आता तो नुसता कागदावर टेकवायचा. थोरल्याने बाबांचा डावा हात धरून कागदापर्यंत आणलाही होता, तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "हात सोडा त्यांचा. मला आधी काकांशी बोलायचंय."

"कालच तर बोललो ना सगळं, मॅडम," थोरला म्हणाला.

"तुम्ही बोललात. काका कुठे बोलले?"

काका कुठून बोलणार? अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. राहिली होती ती मान. चहा हवा? मान हलायची. कूस बदलायची? मान हलायची. असंच एक दिवस थोरल्याने विचारलं, घर माझ्या नावावर करताय ना, बाबा? तेव्हाही हलली. बोलता होता तोवर म्हातारा या बाबतीत ताकास तूर लागू देत नव्हता. मग काय, थोरल्याला पंखच फुटले. त्याने मृत्युपत्र लिहून घेतलं. सगळं घर थोरल्याला, धाकट्या बहिणीला गेलेल्या आईचं शिलाई मशीन.

मशीन मांडायचं कुठे, ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं. धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली ती इथेच राहिली होती. खालच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची, वर येऊन बाबांचं सगळं करायची. बाबा गेले की लगेच खोली रिकामी हवी, असं वहिनीने आधीच बजावलं होतं. आणि आज सकाळी थोरल्याने बाबांच्या उशाशी उभं राहून दम भरला होता. "मध्ये तोंड घातलंस तर बाबांना उचलून माझ्याकडे नेईन. मग दारातसुद्धा उभी करणार नाही तुला." म्हणून धाकटी पलंगाच्या पायथ्याशी मूग गिळून उभी होती.

वकीलबाईंची एक खोड होती. त्या प्रश्न आधी सरळ विचारायच्या, मग तोच उलटा करून. आजारी माणसाचं मृत्युपत्र त्या याशिवाय करतच नसत. थोरल्याला हे ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याने दुसरा वकील शोधला असता.

"काका, घर मोठ्या मुलाला द्यायचंय?"

मान वर-खाली झाली. थोरल्याने बायकोकडे पाहिलं. त्याने आपल्या दुकानातून साक्षीदार म्हणून आणलेल्या दोघांनी पेनं उघडली.

"घर मुलीला द्यायचंय?"

मान वर-खाली झाली.

"अहो, त्यांना नीट ऐकू आलं नसेल," वहिनी म्हणाली.

वकीलबाई पुढे वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "दोघांनाही नको. घर मला द्यायचं. चालेल?"

चाललं. थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"शेवटचं विचारते. काका, तुम्हाला मुलगी नाहीच. बरोबर?"

बाबांनी धाकटीकडे पाहिलं आणि मान वर-खाली केली.

धाकटी पायथ्याकडून पुढे आली. इतका वेळ आवरलेलं तोंड सुटलंच. "नाही हो! बाबांना सगळं कळतं. रेडिओवर विनोद झाला की बरोबर जागेवर हसतात ते!"

"तेच म्हणतोय ना मी!" थोरला ओरडला. कित्येक वर्षांत भावंडांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"ताई, तुमची माया मला कळते. पण मायेवर कोर्ट चालत नाही." वकीलबाईंनी कागद पिशवीत टाकले. "यांना काही समजत नाहीये. मी तसं लिहून ठेवणार, आणि तुमच्याच या दोन माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. उद्या कुठून अंगठा उठवून आणलात, तर मी स्वतः कोर्टात उभी राहीन."

"आणि घर?" थोरल्याचा आवाज चिरकला.

"मृत्युपत्र नसलं की दोघांचं. अर्धं अर्धं. हिच्या सहीशिवाय वीटसुद्धा विकता येणार नाही."

त्या निघून गेल्या. साक्षीदार पेनं खिशात घालून पाठोपाठ सटकले. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून वहिनी जिना उतरेपर्यंत नशिबाला बोल लावत होती. थोरला दारात थांबला. "नुसता नंदीबैल झालाय! सांभाळ आता तूच," म्हणाला आणि तोही उतरू लागला.

धाकटीने ओला फडका घेतला आणि बाबांच्या अंगठ्याची शाई पुसायला बसली. खरं तर तिने आनंदाने उड्या मारायच्या. डोक्यावरचं छप्पर वाचलं होतं. पण तिचे डोळे थांबेनात. रोज संध्याकाळी ती बाबांना दिवसभराचं सगळं सांगायची. गिऱ्हाइकांच्या कटकटी, मनातलं दुखणं, जे कुणालाच सांगता येत नाही ते. मग ते सगळं भिंतीला सांगितलं का? अर्धं घर मिळालं आणि अख्खा बाप गेला, असा हा व्यवहार होता. तिला तो मुळीच नको होता.

तिने फडका बाजूला टाकला.

"नाही, बाबा. जिवंतपणी तुम्हाला दगड ठरवून जायचं म्हणजे काय! वकीलबाई कोपऱ्यावरच असतील अजून. बोलावून आणते. पुन्हा नीट विचारू दे त्यांना. घर गेलं तर गेलं खड्ड्यात."

ती उठली, तर बाही कशात तरी अडकली. बाबांनी डाव्या मुठीत ती घट्ट धरली होती.

थोरल्याची पावलं जिन्यावरून पार खाली उतरेपर्यंत ते दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मान हलवली. आडवी.