चार पाऊण

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हटला की मला फक्त छडी आठवायची. मग कुंटे मास्तर आले आणि वर्ग थेट बंदरावर घेऊन गेले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चौथीला तीन वाजता, अष्टमीला सहा. माझा बापूस जन्मभर हेच करत आला होता, पण याला गणित म्हणतात हे मास्तरांनी सांगितलं. त्या दिवसापासून मी पाऊणकी कधी चुकले नाही.

चुकले ती नेमकी शाळा तपासायला आलेल्या दिपोटी साहेबांसमोर.

"चार पाऊण किती?"

"तीन वाजता," मी म्हणाले.

"मी घड्याळ विचारलेलं नाही." साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'मुलींस पाऊणकी येत नाही. मास्तर बदलावा.' आणि दहालाच तरातरा बंदराकडे निघाले. मी चरफडत मागोमाग गेले. नुसतं तीन म्हणायला काय झालं होतं मला?

त्यांना अलिबागला नेणारी बापसाची होडी चिखलात बसली होती.

"कधी सुटणार ही?" साहेब त्याच्यावर खेकसले.

"आज चौथ हाय, सायेब. पानी तीन वाजता भरंल."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. शाळा तिथून पाच मिनिटांवर होती. शेरेबुक टेबलावर तसंच उघडं होतं.

त्यांनी छत्री उघडली आणि पाच तास तिथंच बसून राहिले.