पुढची सीट

आजारी माणसानं मागच्या सीटवर आडवं पडून जावं, एवढी साधी गोष्ट बहिरूच्या डोक्यात शिरत नव्हती. दर खेपेला कुसाबाई अंगणात उभी राहून तोंड सोडायची आणि दर खेपेला तो पुढचंच दार उघडायचा.

"जन्मभर पुढं बसले, आता तरी मागं टेका," ती म्हणाली. "कसाऱ्याच्या सवाऱ्या भरायच्यात का?"

बहिरूनं पायांवर शाल ओढली.

याच गाडीवर त्यानं घोटी ते कसारा सवाऱ्या मारल्या होत्या. आता हीच गाडी त्याला एक दिवसाआड नाशिकला न्यायची, रक्त धुवायला. किडन्या कामातून गेल्या होत्या. जायचं, मशीनला लावून घ्यायचं, ओकत घरी यायचं. कुसाबाई बरोबर जायची नाही. तिला सुया बघवत नसत. एकदा गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला होता, "कुसे, आता बास कर."

"गप बसा," ती म्हणाली होती. त्या घरात तिनं गप म्हटलं की विषय संपायचा.

पण हल्ली गाडीच दगा देत होती. वाडीवऱ्ह्यापर्यंत बरी जायची, मग धक्के. सिग्नलला उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची. मागून काळा धूर. पेट्रोल तर पाण्यासारखं प्यायची. गेल्या आठवड्यात विल्होळीजवळ बंदच पडली. दवाखाना गाठेपर्यंत बहिरूचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं. तो तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी पाय खांबासारखे सुजले, दम लागून बोलता येईना. डॉक्टरांनी रोहितला फोनवर सांगितलं, अशी आणखी एक पाळी चुकली तर आम्ही काही करू शकणार नाही.

गाडी रोहितच चालवायचा. एकुलता एक पोरगा. कुसाबाई त्याला आणि गाडीला घेऊन लियाकत मिस्त्रीकडे गेली.

लियाकतनं प्लग काढून तिच्यापुढे धरले. काजळीनं काळेकुट्ट.

"पेट्रोल जास्त जातंय काकू. सगळं जळत नाय, मग अशी काजळी धरते."

"जास्त जातंय ते मलाबी दिसतंय. का जातंय ते सांग. नायतर नुसती काजळी बघायला माझी चूल हाय घरी."

लियाकतनं कार्बोरेटर खोलून धुतला, एअर फिल्टर बदलला, नळ्या बोटांनी दाबून बघितल्या. मग एकटाच गाडी घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आला. आल्यावर इंजिन चालूच ठेवलं. आवाज शिलाई मशीनसारखा.

"इथं ठीक असते," रोहित म्हणाला. "नाशिकच्या वाटेला लागली की परत तेच."

"मग गाडीत काय नाय," लियाकत हात पुसत हसला. "चालवणाऱ्यात असंल."

कुसाबाई हसली नाही. तिला रोहित गाडी शिकत होता ते दिवस आठवले. थंड गाडी सुरू करताना चोकचा खटका बाहेर ओढायचा, म्हणजे जादा पेट्रोल मिळून इंजिन पेटतं. गरम झालं की आत ढकलायचा. रोहित हमखास विसरायचा आणि धूर सोडत सगळी बाजारपेठ ओलांडायचा. बहिरूनं भर चौकात त्याच्या कानफटात दिली होती. तेव्हापासून सकाळी गाडी सुरू करायची ती बहिरूनंच, असा शिरस्ता पडला. एवढ्या आजारातही त्यानं तो सोडला नव्हता.

घरी आल्यावर रोहितच्या ताटात भाकरी टाकता टाकता ती म्हणाली, "बापाला नेऊन नेऊन कंटाळा आला, असं सरळ म्हण ना. मुद्दाम कशाला बंद पाडतो?"

रोहितचा हात तोंडापाशी थांबला.

"आई, तुला कळतंय का काय बोलतीस?"

"मला सगळं कळतं. मिस्त्री चालवतो तवा चालती, तू चालवतो तवा मरती. येडी हाय का मी?"

"मग परवा चल बरोबर. बघ तुझ्या डोळ्यांनी." तो अर्ध्या ताटावरून उठला.

बहिरू खाटेवर पडून पत्र्याकडे बघत होता.

ठरल्या दिवशी कुसाबाई मागच्या सीटवर मधोमध बसली. बहिरूनं गाडी सुरू केली, इंजिन गरम होऊ दिलं, मग दाराला धरत धरत फिरून आपल्या जागी येऊन बसला. पायांवर शाल घेतली. कुसाबाईनं रोहितच्या हातापायांवरची नजर काढली नाही.

वाडीवऱ्हे मागे पडलं आणि गाडी धक्के द्यायला लागली.

"सांग, मी काय केलं?" रोहितचा आवाज फाटला. "बघतीयस ना? काय केलं मी?"

पोरानं खरंच काही केलं नव्हतं.

विल्होळी कशीबशी गेली. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि थरथरायला लागली. आता बंद पडणार, असं रोहित पुटपुटला. त्या हादऱ्यांनी बहिरूची शाल गुडघ्यावरून घसरली. ती सारखी करायला कुसाबाई दोन सीटांच्या मधून पुढे वाकली.

शालीखालून बहिरूचा हात डॅशबोर्डच्या खाली गेला होता. सुजलेल्या बोटांनी त्यानं चोकचा खटका पुरा बाहेर ओढून धरला होता. नजर समोर, लाल दिव्यावर. कुसाबाईनं त्याचं एकेक बोट सोडवलं आणि खटका आत ढकलला. थरथर हळूहळू थांबली.

"आई, बघ," रोहित म्हणाला, "आपोआप सुधारली."

कुसाबाईनं शाल होती तशी त्या हातावर पांघरली.

"परवापासून तुम्ही मागं बसायचं," ती बहिरूला म्हणाली. "माझ्याजवळ. हात माझ्या हातात देऊन."